कृत्रिम नखे आणि ‘हात धुतले की झाले’ हा युक्तिवाद

रुग्णसेवेतील कर्मचाऱ्यांना कृत्रिम नखांची मनाई करणारा नियम कालबाह्य आहे आणि तो निव्वळ दिसण्याच्या शिस्तीपोटी टिकून आहे, असे सांगणारा मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. हात धुऊन हातमोजे घातले की नखे खरी की चिकटवलेली याने रुग्णाला फरक पडत नाही, अशा नखांमुळे कोणाला संसर्ग झाल्याचे सिद्ध झालेले नाही आणि जंतू तर नैसर्गिक नखांखालीही असतात, असे त्यातले मुद्दे आहेत.

यांपैकी शेवटचा मुद्दा खरा आहे, पण तो नियमाच्याच बाजूने जातो. हातावरील जंतूंचा मोठा वाटा नखांखाली असतो, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचना नैसर्गिक नखांचे टोकही 0.5 सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवायला सांगतात. कृत्रिम नखे बहुधा लांब असतात. शिवाय खालचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढत राहिल्याने आणि चिकटवलेला भाग कडेने सुटू लागल्याने दोहोंमध्ये फट पडते व तिथे ओल साचते.

हात धुण्याचा मुद्दा इथेच अडखळतो. हात स्वच्छ करण्याच्या प्रमाणित पद्धतीत बोटांची टोके दुसऱ्या तळहातावर गोलाकार घासण्याची एक स्वतंत्र पायरी आहे, आणि लांब नखे असणाऱ्या व्यक्तीला ती नीट करताच येत नाही, कारण तळहाताला नखच लागते, बोटाचे टोक लागत नाही. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृत्रिम नखे असलेल्या आणि नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची नखे जंतुनाशक साबण किंवा अल्कोहोल जेल वापरण्यापूर्वी आणि नंतर तपासली गेली, तेव्हा हात स्वच्छ केल्यानंतरही रोगकारक जंतू कृत्रिम नखांवर अधिक प्रमाणात आढळले.

हातमोज्यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, त्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात, लांब नखांनी ते टोकाशी फाटतात आणि काढताना हात पुन्हा दूषित होऊ शकतात. हातमोजे पुरेसे असते, तर शस्त्रक्रियेआधी हात इतका वेळ घासण्याची गरजच उरली नसती.

आता ‘सिद्ध झालेले नाही’ या दाव्याकडे वळू, कारण सर्वाधिक पटणारा हाच आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथील एका नवजात अतिदक्षता विभागात जानेवारी 1997 ते मार्च 1998 या काळात दाखल झालेल्या 439 बालकांपैकी 46 बालकांमध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू आढळला आणि त्यांतील 16 बालके दगावली. तपासात ज्या दोन परिचारिकांच्या संपर्काशी धोका जोडलेला दिसला, त्यांपैकी एकीची नखे लांब व कृत्रिम होती, तर दुसरीची लांब पण नैसर्गिक. संशोधकांनी स्वतःच्या लेखाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवले, आणि तेवढ्यावरून नियमाचे विरोधक ‘पुरावा नाही’ असे म्हणतात. परंतु हे उदाहरण एकटे नाही. पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन रुग्णांना झालेल्या कँडिडा बुरशीच्या संसर्गाचा माग कृत्रिम नखे वापरणाऱ्या शस्त्रक्रियागृहातील एका तंत्रज्ञापर्यंत गेला होता, आणि दुसऱ्या एका नवजात अतिदक्षता विभागातील क्लेबसिएला या जंतूच्या उद्रेकातही कृत्रिम नखांचा संबंध आढळला. यांपैकी कोणत्याही घटनेत एकट्या नखांना दोषी ठरवता येत नाही, हे मान्य करावेच लागते. मात्र निम्म्या परिचारिकांना मुद्दाम कृत्रिम नखे लावून बालके आजारी पडतात का हे पाहणारा प्रयोग कोणतीही नीतिसमिती मंजूर करणार नाही. तसा पुरावा मागणे म्हणजे कधीच न मिळणारी गोष्ट मागणे होय.

हा नियम फक्त शस्त्रक्रियागृहापुरता आहे, अशीही समजूत या मजकुरासोबत पसरते. तिचे मूळ बहुधा अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या 2002 च्या सूचनांमध्ये असावे, कारण त्यांत अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह यांसारख्या जास्त धोक्याच्या ठिकाणांचा उल्लेख होता. 2009 च्या जागतिक सूचनांनी ही मर्यादा काढून टाकली आणि रुग्णांशी थेट संपर्क येणाऱ्या सर्वांना तो नियम लागू केला.

जेल पॉलिशबाबत (दिव्याखाली कडक केल्या जाणाऱ्या नेलपॉलिशबाबत) मात्र विरोधकांना थोडी जागा द्यावी लागेल, कारण त्याविषयीचा पुरावा ॲक्रिलिक (कृत्रिम नखांच्या एका प्रकारच्या) नखांइतका भक्कम नाही. 2018 मधील एका अभ्यासात अल्कोहोल हँडरबने नैसर्गिक नखांवरील आणि साध्या नेलपॉलिशवरील जंतू कमी झाले, पण जेल नखांवर तसा परिणाम दिसला नाही. ज्या संस्थांनी अद्याप याविषयी धोरण ठरवलेले नाही, त्यांना सावध निर्णय घेण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे; रुग्णाला स्पर्शच न करणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांना त्यात ओढण्याची मात्र गरज नाही.