टर्बोच्या आधी कॉम्प्रेशन : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. माझ्या जुन्या सॅन स्टॉर्म गाडीच्या इंजिनचे हेड (सिलिंडरवरचे झाकण) उघडून व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) घासण्यात मी घातलेले पैसे वाया गेले, त्याऐवजी कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) आणि छोटा टर्बो (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारा पंखा) बसवला असता तर ताकद खरोखर वाढली असती, असा आपला आक्षेप आहे. माझ्या आकड्यांची तुलना चुकीची असल्याचेही आपण म्हटले आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे. कंपनीचा ताकदीचा आकडा क्रँकशाफ्टवरचा, म्हणजे थेट इंजिनचा असतो, मी डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलेला चाकांवरचा होता आणि मधल्या गिअरबॉक्सचा व टायरचा तोटा न धरता मी दोन्ही शेजारी मांडले. ती दुरुस्ती आज मूळ लेखात केली आहे.

बाकी मुद्द्यांवर मात्र मी ठाम आहे. गोव्यात बनलेल्या या सॅन स्टॉर्मचे रेनॉचे ११४९ सीसीचे इंजिन नवे असतानाही साधारण ६० अश्वशक्तीचेच होते, त्यामुळे त्यातली ताकद कुठे गळते आहे हे आधी शोधणे भाग होते. वागळे इस्टेटमधल्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाताना होणारा दाब, मोजायला गेज लावला तेव्हा तीन सिलिंडर १७० पीएसआयच्या (दाबाचे एकक) आसपास भरले आणि एक १३० वरच अडला. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले, तरी काटा फारसा हलला नाही. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट बुजून दाब वाढला असता, म्हणजे दोष व्हॉल्व्हकडे होता. हेड उतरवल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर (तो बंद होताना टेकतो त्या कडेवर) नख अडकेल एवढा खड्डा दिसला. अशा सिलिंडरवर टर्बोचा बूस्ट (जादा दाब) चढवला असता, तर त्याच फटीतून तापलेला वायू अधिक जोराने निसटून तो व्हॉल्व्ह जळाला असता.

कोन फिल्टरचा आवाज मलाही आवडतो. पण घोडबंदर रोडच्या कोंडीत तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो आणि ७५ अंशांची हवा ४५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी विरळ असते, म्हणजे ताकदही तेवढी घटते. म्हणून मी हवेचा पाइप ग्रिलच्या मागे नेला आहे.

पेट्रोलचा मुद्दा आपल्या प्रतिक्रियेत आलाच नाही, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निव्वळ पेट्रोलला हवा-इंधनाचे प्रमाण १४.७ (वजनाने एक भाग इंधनाला १४.७ भाग हवा) लागते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्याला सुमारे १३.५. कमी थ्रॉटलवर (अ‍ॅक्सिलरेटर थोडाच दाबलेला असताना) धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर हा फरक भरून काढतो. पूर्ण थ्रॉटलवर मात्र अशा जुन्या गाडीचा ईसीयू (इंजिनचा संगणक) सहसा त्याचे ऐकत नाही आणि ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे इंधन सोडतो, त्यामुळे नेमका सर्वाधिक भार असताना मिश्रण पातळ पडते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते. त्यावर टर्बोचा दाब आला की नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) होऊन पिस्टन फुटायला वेळ लागत नाही. मोठे इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग), ईसीयूचे नवे मॅपिंग (इंधनाचे कोष्टक) आणि मागे घेतलेले इग्निशन टायमिंग (उशिरा पडणारी ठिणगी) यांच्याशिवाय टर्बो बसवावा, असे मी कुणालाही सांगणार नाही.

मी टर्बोच्या विरोधात नाही. आपल्या गाडीचे इंजिन गरम असताना, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून कळवा. त्यांच्यात १० टक्क्यांहून कमी फरक असेल, तर इंजेक्टर किती मोठे लागतील हा हिशेब आपण इथेच मिळून करू.