म्हणे, बाईला तपासणीला एकटी सोडू नका!

काल रात्री दहाला आत्याचा फोन. "अगं, सूनबाईला गरोदरपणाच्या तपासणीला नेतेय उद्या. डॉक्टरकडे आत मीही जायलाच हवं ना? ग्रुपवर आलंय." मग तोच मेसेज मलाही चौघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: सरकारी दवाखान्यात आता प्रत्येक बाईला 'नवरा मारतो का' विचारतात, ती हो म्हणाली की नवऱ्यावर थेट छळाचं कलम 498अ लागतं, डॉक्टरला केसमागे पैसे मिळतात, सुशिक्षित घरांत असलं काही नसतं, सबब घरच्या बाईला आत एकटी सोडू नका. शेवटी हात जोडलेल्या तीन इमोजी.

मी महापालिकेच्या रुग्णालयात 22 वर्षं सिस्टर आहे, त्यातली 9 कॅज्युअल्टीत. तेव्हा बोलतेच.

प्रत्येक बाईला विचारतात? इतका वेळ आहे कोणाला! जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात की सरसकट सगळ्यांना विचारू नका. दुखणं मारहाणीतून आलं असेल अशी शंका आली तर विचारा. गरोदर बाईला विचारायला हरकत नाही, असंही त्यात आहे. म्हणजे आत्याच्या सुनेला कदाचित विचारतीलही. मात्र अट एकच: ती एकटी असताना. सोबत कोणी असेल तर विचारायचंच नाही.

आणि मेसेज नेमकी तीच अट मोडायला सांगतो. एक बाई आली होती, डावा हात सुजलेला. नाव, वय, काय झालं, सगळी उत्तरं नवराच देत होता. "बाथरूममध्ये घसरली." घसरलेला माणूस तळहात टेकतो, हाड मोडतं ते बहुतेक मनगटाजवळ. हिचं मोडलं होतं कोपर ते मनगटातलं करंगळीच्या बाजूचं हाड, आणि तेही मध्यावर. डोक्यावर येणारा फटका हातावर झेलला की असं मोडतं. नवऱ्याला औषधाच्या खिडकीवर पाठवलं. तिथे रांग असतेच. ती दाराकडे बघत दोनच शब्द बोलली, "रॉड होता." तो परत आला तेव्हा ती आपणहून म्हणाली, "बाथरूम ओलं होतं ना, त्यामुळे." कागदावर नंबर लिहून दिला तर घरी सापडेल, म्हणून महिला हेल्पलाइनचा 181 तेवढा तिच्याकडून पाठ करून घेतला होता. नवरा आत उभा राहिला असता तर केसपेपरवर 'पडल्याने इजा' एवढंच गेलं असतं.

आता 498अ. ते कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 85 झालंय, मेसेजवाल्यांना तेवढंही ठाऊक नाही. एक मात्र खरं, मान्य करावंच लागेल: मारहाणीची जखम असली की एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद होते, पोलिसांना कळवलं जातं, ते जबाब घ्यायला येतात. पण जबाब तिचा असतो. केसपेपरवर डॉक्टरने दोन ओळी लिहिल्या म्हणून नवऱ्यावर आपोआप 85 लागत नाही. उलट त्या दोन ओळी पुढेमागे तिला कोर्टात उपयोगी पडतात. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तर अशा बाईने मागितल्यास उपचार देणं रुग्णालयावर बंधनकारक केलंय.

केसमागे पैसे? आमचे ओव्हरटाइमचे मिळाले तरी पुष्कळ.

"घरं फोडतात" असंही कोणीतरी खाली जोडलंय. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केलं. तिथे बाईला आधी विचारतात, तुला काय हवंय. नवऱ्याला सोड असं कोणी सांगत नाही. घरी राहायचं असेल तर सुरक्षित कसं राहायचं, यावरही बोलणं होतं.

आणि सुशिक्षित घरं! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात 18 ते 49 वयाच्या दर चार विवाहित बायकांत साधारण एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. सगळ्या काय अडाणी होत्या? देशभरात तर मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी 77 टक्के बायकांनी मदत मागितली नाही, की कोणाला सांगितलंही नाही.

आत्याला म्हटलं, "तू बाहेर बाकावर बस, तिची पिशवी सांभाळ. आत काय बोलली ते घरी जाऊन विचारू नकोस." आत्या जरा गप्प झाली. मग म्हणाली, "बरं. पण मी तो मेसेज आठ जणांना पाठवलाय गं."

आत्या, त्या आठांना हेही पाठव.