पिरॅमिड कुणी बांधले? मुकादमाची वही उघडा

इजिप्तला जायचं ठरलं आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी तो निरोप टाकला. तुम्हालाही आला असेलच. थोडक्यात असा: ‘गिझाचा मोठा पिरॅमिड एकाएकी उगवला, त्याआधी तसलं काही नव्हतं. २३ लाख दगड २० वर्षांत, म्हणजे दर दोन मिनिटांना एक, माणसाला अशक्य, परग्रहावरच्यांचंच काम. आत ममी नाही. बांधकामाबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. आणि माणसांनीच बांधला असेल, तर लाखभर गुलामांना चाबकाने फोडून.’ खाली नेहमीचं ‘पुढे पाठवा’. मी पुढे पाठवलं नाही, जाऊन आलो. काकांशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून इथे लिहितोय.

‘एकाएकी उगवला’ असं वाटतं, कारण आपण गिझापासून सुरुवात करतो. सकाळी अकरापर्यंत पिरॅमिड, मग थेट अत्तराचं दुकान. त्याऐवजी आधी दक्षिणेला सक्काऱ्याला जावं. तिथे जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे: एकावर एक लहान होत गेलेले सहा चौथरे, उंची साठेक मीटर. तिथून दहशूरला. गिझाचा मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खुफू राजाचा बाप स्नेफेरू, त्याने तिथे सुमारे ५४ अंशांच्या चढाने काम सुरू केलं, आणि निम्म्यावर चढ एकदम ४३ अंशांवर आणला. आजही तो पिरॅमिड कंबरेत वाकल्यासारखा दिसतो. पुढचा, लाल पिरॅमिड, त्याने पहिल्यापासूनच ४३ अंशांचा धरला. मग मुलाने, खुफूने, १४६ मीटरचा उभा केला. बापाच्या चुका पाहून मुलगा शिकला, आणि त्या चुका अजून उन्हात उभ्या आहेत. परग्रहावरून आलेल्यांनी आधी वाकडा पिरॅमिड कशाला बांधला असता?

दोन मिनिटांचं गणित मात्र बरोबर आहे. करून पाहिलं: दिवसाला तीनशे पंधरा दगड, दहा तासांचं काम धरलं तर दोन मिनिटांना एक. चूक आहे ती डोळ्यांसमोरच्या चित्रात, की एक रांग आहे आणि तिच्यात एकामागून एक दगड येतोय. कामावर अनेक टोळ्या असत, एकाच वेळी, वेगवेगळ्या बाजूंना. बहुतेक दगड लांबून आणलेलाच नाही, खाण पिरॅमिडच्या दक्षिणेला शेजारीच आहे. आतले दगड ओबडधोबड, फटींत चुन्यासारखा गारा भरलेला. पिरॅमिडच्या आतल्या राजाच्या दालनाचा ग्रॅनाइट मात्र सुमारे ८०० किलोमीटरवरच्या अस्वानहून नाइलमधून आला. ओढायचं कसं, तेही त्यांनीच रंगवून ठेवलंय. काही शतकांनंतरच्या जेहुतीहोतेप या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यातल्या चित्रात घसरगाडीवर प्रचंड पुतळा ठेवलाय, १७२ माणसं दोर ओढतायत आणि एक जण पुढे उभा राहून पाणी ओततोय. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी तपासलं, तर वाळू नेमकी ओली केली की ओढायला लागणारा जोर निम्म्यावर येतो. चढणीचा उतार सरळ होता की वळणाचा, यावर अभ्यासक अजून भांडतात. भांडोत. उतार कसा होता हा प्रश्न वेगळा, आणि माणसांनी बांधलंच नाही हे म्हणणं वेगळं.

(हाच निरोप नाव बदलून वेरूळच्या कैलासावरही फिरतो. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं अर्धवट राहिलेलं लेणं पाहा. कातळात काम कसकसं आत सरकत गेलं, ते तिथे उघडं पडलंय.)

ममी नाही, कारण थडगी प्राचीन काळीच लुटली गेली. ग्रॅनाइटची शवपेटी जागेवर आहे.

आता गुलाम. लाख माणसांचा आकडा ग्रीक इतिहासकार हेरोडोटसचा, आणि तो तिथे गेला पिरॅमिडनंतर दोन हजार वर्षांनी. मजुरांच्या मुळा, कांदा, लसणावर किती खर्च झाला ते पिरॅमिडवर कोरलंय, असंही त्याला कुणीतरी सांगितलं होतं. १९९० मध्ये गिझाला एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि खाली निघाली कामगारांची स्मशानभूमी. पिरॅमिडच्या जवळ, मुकादमांच्या हुद्द्यांसकट, सोबत भाकरीची आणि बिअरची मडकी. काही सांगाड्यांची मोडलेली हाडं नीट बसवून जुळलेली आहेत. जवळच हैत अल-घुराब, म्हणजे कावळ्याची भिंत, या जागी पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर यांच्या पथकाने वस्ती उकरली: भट्ट्या, पावाचे साचे, गुरामेंढरांच्या हाडांचे ढीग. म्हणून ते सुखात होते असं मी म्हणणार नाही. पाठीचे मणके झिजलेले आहेत, आणि राजाच्या हुकमाची वेठ ती वेठच. पण गुलामाला राजाच्या पिरॅमिडच्या पायथ्याशी भाकरी-बिअर देऊन कुणी पुरत नाही.

राहिला ‘एक ओळही नाही’ हा मुद्दा. याचाच मला सगळ्यात राग येतो. राजाच्या दालनावरच्या बंद पोकळ्यांत टोळ्यांनी रंगाने आपली नावं लिहून ठेवली आहेत, त्यांत खुफूचं नाव आहे. गिझाचा तिसरा पिरॅमिड ज्याचा, त्या मेनकाउरे राजाच्या एका टोळीचं नाव तर ‘मेनकाउरेचे दारूडे’. आपल्या गोविंदा पथकांनाही हे सुचलं नसतं. आणि २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला पुरातत्त्वज्ञ पिएर तॅले यांच्या पथकाला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाचे, तुकडे मिळाले, लिहिलेल्या पपायरसांत आजवर सापडलेले सगळ्यात जुने. त्यांत मेरर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. हाताखाली चाळीसेक माणसं, एक होडी. नाइलपलीकडच्या तुराच्या खाणीतून पांढरा चुनखडक भरायचा, नदीने आणि कालव्याने गिझाला पोचवायचा, परत फिरायचं. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. वरचा साहेब अंखहाफ, खुफूचा सावत्र भाऊ. २०१६ मध्ये ही पानं कैरोच्या तहरीर चौकातल्या संग्रहालयात लोकांसाठी मांडली गेली.

मेररने पिरॅमिडचं कौतुक एका शब्दानेही केलेलं नाही. आज दगड भरला, आज निघालो, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम. साइटवरच्या कुठल्याही मुकादमाची वही असते, तशीच.