कोरियन लोक म्हणे निमूट ऐकणारे!

आपल्याकडे दक्षिण कोरियाचा विषय निघाला की ठरलेली कॅसेट सुरू होते. शिस्त बघा, कष्ट बघा, मोठ्यांपुढे कसे वाकतात बघा, पार्क चुंग-हीसारखा खमका हुकूमशहा मिळाला म्हणून देश वर आला, आपल्यालाही असाच एखादा पाहिजे वगैरे वगैरे. कमरेत वाकतात हे खरंय, पण याच लोकांनी डोक्यावर बसलेल्यांना कितीदा खाली खेचलंय ते या फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

1960 ला निवडणुकीत घोटाळा झाला, मग मासानच्या बंदरात एका शाळकरी पोराचं प्रेत वर आलं, डोळ्यात अश्रुधुराचं नळकांडं घुसलेलं, आणि पंधरवड्यात राष्ट्राध्यक्ष सिंगमन री खुर्चीवरून खाली. पार्कच्या त्या तथाकथित सोनेरी काळाचं घ्या, सोलच्या प्योंगह्वा मार्केटमध्ये माळ्यासारख्या बुटक्या खोल्यांत, जिथे धड उभंही राहता यायचं नाही, तिथे कोवळ्या पोरी 14-14 तास शिवणकाम करायच्या. कामगार कायदा होता बरं का, कागदावर. तो पाळा म्हणून ओरडत 22 वर्षांच्या चॉन थे-इल या शिवणकामगाराने 1970 मध्ये स्वतःला पेटवून घेतलं. कष्टाळू कष्टाळू म्हणून कौतुक करतो ना आपण, ते हे.

आणि ग्वांगजू. 1979 ला पार्कला त्याच्याच गुप्तचर प्रमुखाने गोळी घातली, मग जनरल चुन डू-ह्वान सत्तेत घुसला, मे 1980 मध्ये मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल देशभर लावला आणि त्याविरुद्ध उठलेल्या ग्वांगजू शहरात पॅराट्रूपर्स सोडले. टॅक्सीवाले बसवाले हेडलाइट लावून गाड्यांची रांगच्या रांग सैन्याच्या अंगावर घेऊन गेले, बाजारातल्या बायका भात शिजवून मुठीएवढे गोळे वळून पोरांच्या हातात देत होत्या. 27 मेच्या पहाटे सैन्य पुन्हा शहरात घुसलं आणि सगळं चिरडलं. वर कित्येक वर्षं मेलेल्यांनाच दंगलखोर म्हटलं गेलं.

हे माहीत असलं की 3 डिसेंबर 2024 ची रात्र कळते. साडेदहाच्या सुमारास तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष यून सोक-योल टीव्हीवर येऊन मार्शल लॉ म्हणाला आणि लोक सकाळची वाट न बघता थेट संसदेकडे धावले. सभापती वू वॉन-शिक, वय 67, कुंपण चढून आत. सैनिक काचा फोडून घुसतायत, स्टाफ सोफे-टेबलं लावून दारं अडवतोय, फायर एक्स्टिंग्विशर फवारतोय, आणि एकच्या सुमारास मतदान, 190 विरुद्ध 0! संसदेने बहुमताने सांगितलं तर मार्शल लॉ उठवावाच लागतो, घटनेतच तसं कलम आहे. पुढे 4 एप्रिल 2025 ला घटना न्यायालयाने एकमताने यूनला घरी पाठवलं. मधल्या कडाक्याच्या थंडीत यूनला हटवा म्हणत के-पॉपच्या लाइटस्टिक, म्हणजे गाण्यांच्या कार्यक्रमात हलवतात त्या दिव्याच्या कांड्या, घेऊन पोरी रस्त्यावर उभ्या होत्या, आणि ज्यांना येता आलं नाही ते जवळच्या कॅफेत आधीच पैसे भरून ठेवत होते, आंदोलनातल्या कोणीही जाऊन कॉफी प्यावी. मला तरी ग्वांगजूचे भाताचे गोळेच आठवले.

आता लगेच कोरियन लोकांची आरती नको. यूनलाही 2022 मध्ये यांनीच निवडून दिलं होतं, एक टक्क्याहून कमी फरकाने का होईना, आणि त्यात स्त्रीवादावर खार खाऊन असलेल्या तरुण पोरांची मतं भरपूर होती. जानेवारी 2025 मध्ये यूनच्या अटकेवरून सोलमधल्या एका कोर्टात घुसून तोडफोड करणाऱ्यांतही अशी विशी-तिशीतली पोरं बरीच सापडली. ग्वांगजूचा उठाव उत्तर कोरियानेच घडवला असं छातीठोकपणे सांगणारे युट्यूबवाले तिथेही आहेत आणि त्यांना बघणारेही काही कमी नाहीत.