खुलासा : वीरगळाखाली धन पुरलेलं नसतं

‘गावाबाहेरच्या कोरीव दगडांवर चंद्र-सूर्य दिसले तर खाली धन आहे’ असा मेसेज फोटोसकट फिरतोय. हे खरं नाही. फोटोतला दगड वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या माणसाचं स्मारक. चंद्र-सूर्याचा अर्थ इतकाच, की ते आकाशात आहेत तोवर त्याची आठवण राहो.

हे दगडच सांगतो, खालून वर वाचत जा. तळाला वीर आडवा पडलेला, बाजूला गाई असतील तर तो गोधन वाचवताना गेला. त्यावर लढाई, मग अप्सरा त्याला वर नेताना, शेवटी तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईचं स्मारक. तिथेही चंद्र-सूर्य असतातच.

धनाच्या आशेने खणलं की दगड कलंडतो, फुटतो. कुणाच्या तरी पूर्वजाची तेवढीच खूण उरलेली असते हो. मेसेज आला असेल तर पुढे पाठवू नका, ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.