मत आहे, पण वाटा कुठे आहे?

श्रीलंकेच्या उत्तरेतल्या जाफन्यात ज्या तमिळ घरी उतरलो होतो तिथले आजोबा निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. एके सकाळी त्यांनी एका सरकारी कार्यालयातून आलेलं पत्र माझ्यासमोर ठेवलं. विषय त्यांच्याच जमिनीचा, पत्र अथपासून इतिपर्यंत सिंहलीत. त्यांना त्यातला फक्त सर्व्हे नंबर वाचता येत होता, कारण आकडे. मजकूर समजून घ्यायला दोन गल्ल्या पलीकडच्या मुलाला बोलवावं लागलं.

तेव्हापासून "तमिळांना मताचा अधिकार आहे ना, मग अजून काय हवं?" हे कुणी म्हटलं की मला ते पत्र आठवतं.

श्रीलंकेत सिंहली जवळपास ७५ टक्के. तिथे प्रत्येकाला एक मत दिलं आणि बाकी काहीच दिलं नाही, तर तमिळ माणूस दर निवडणुकीत मत देणार आणि संसदेत दर वेळी हरणार. १९५६ साली हेच झालं. बहुमताने कायदा केला, सिंहली हीच एकमेव राजभाषा. त्याच वर्षी आपल्याकडे राज्य पुनर्रचना कायदा झाला. मराठी माणसाला त्यातही आपलं राज्य मिळालं नाही, शंभराहून जास्त जीव गेले, पण १ मे १९६० ला मिळालं. आपल्या भाषेत कारभार म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

सत्तेत वाटा द्यायचं तिथेही ठरलं होतं, हे जास्त जिव्हारी लागतं. १९५७ साली पंतप्रधान बंदरनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांनी करार केला: प्रादेशिक परिषदा, उत्तर आणि पूर्वेत तमिळमधून कारभार. पुढच्या एप्रिलमध्ये बौद्ध भिक्खू बंदरनायक्यांच्या घरासमोर ठाण मांडून बसले आणि त्यांनी करार मोडीत काढला. १९७२ च्या घटनेत तर अल्पसंख्याकांविरुद्ध भेदभावाचे कायदे करायला मनाई करणारं जुनं कलमच गळालं. १९८१ मध्ये जाफन्याचं वाचनालय जाळलं, सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि पोथ्यांची राख झाली. मग १९८३ च्या तमिळविरोधी दंगली, मग युद्ध.

वेगळ्या तमिळ देशासाठी बंदूक उचललेल्या एलटीटीईचं समर्थन मी कधीही करणार नाही. १९९० मध्ये त्यांनी उत्तरेतल्या मुसलमानांना घराबाहेर काढलं. सत्तावाटपाचा मसुदा तयार करण्यात ज्यांचा मोठा हात होता त्या तमिळ खासदार नीलन तिरुचेल्वम यांना १९९९ मध्ये त्यांनीच मारलं. पण बंदुका गप्प होऊन कितीतरी वर्षं झाली, आता कशाची वाट बघताय?

१९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा आल्या. जमीन आणि पोलीस यांचे अधिकार कागदावर दिले, हातात कधीच दिले नाहीत. उत्तर प्रांताला पहिली निवडणूक बघायला २०१३ उजाडलं. २०१८ मध्ये मुदत संपली आणि मी हे लिहितोय तोवर पुढची निवडणूक झालेली नाही. राज्यपाल कारभार बघतात, आणि राज्यपाल नेमतो कोलंबोतला राष्ट्राध्यक्ष. बहुसंख्याकांनी मनात आलं तर द्यायचं, नाही तर काढून घ्यायचं, याला मी वाटा म्हणत नाही.

त्याच तेराव्या दुरुस्तीत तमिळही अधिकृत भाषा झाली आहे. आजोबांना ते कलम तोंडपाठ. पत्राचं उत्तर त्यांनी तमिळमध्ये लिहिलं, अक्षर मोत्यासारखं, आणि सोबत विनंती जोडली की पुढचं पत्र तमिळमध्ये पाठवावं.

मी निघालो त्या दिवसापर्यंत उत्तर आलं नव्हतं.