कासवाला खोक्यात घालून झोपवू नका बाप्पा

चार दिवसांपासून गावच्या तिन्ही ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला. "दिवाळी झाली की पाळीव कासवाला पोटभर खाऊ घाला, खोक्यात कुटार भरून त्यात ठेवा, झाकण लावून अंधाऱ्या खोलीत नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून द्या, होळीपर्यंत उघडू नका, सगळी कासवं हिवाळ्यात झोपतात." खाली हात जोडलेले इमोजी. कोणीतरी विलायतेतली माहिती अर्धी वाचून मराठीत टाकलेली दिसते, कारण एक गोष्ट धड नाही त्यात.

सगळी कासवं झोपतात म्हणे. झोपतात ती भूमध्य समुद्राकडची, हर्मन आणि ग्रीक कासव, आणि मध्य आशियातलं रशियन कासव, जिथं हिवाळ्यात जमीन गोठते आणि खायला हिरवी काडी उरत नाही. तिकडचे पाळणारे त्याला ५ अंशाच्या आसपास ठेवतात, ३ च्या खाली नाही आणि ७ च्या वर नाही. आता आपल्याकडं पहा, डिसेंबरात पहाटे १२ आणि दुपारी २८, २०१८ च्या डिसेंबरात नागपूर ३.५ वर गेलं होतं पण तेही पहाटेचं, दुपारी लोक स्वेटर काढूनच फिरत होते. १० च्या वर गेलं की ते जनावर अर्धवट जागं होते, अंगातली साठवण जाळत बसते आणि खायला तर समोर काही नाही, म्हणजे ना झोप ना जेवण. आणि आपल्या देशातलं चांदण्यावालं स्टार कासव तर अशी शीतनिद्रा घेतच नाही, गारठ्यात फक्त सुस्त पडते.

यावर एका काकांनं लिहिलं, "मंग आमच्या विहिरीतलं कासव हिवाळ्यात दिसत काऊन नाही?" प्रश्न बरोबर आहे काका. पण पहाटे बादली ओढून पहा ना, पाणी कोमट लागते, वाफ निघते त्याच्यातून. खाली ऊब असताना ते वर गारठ्यात कशाला येईल?

पोटभर खाऊ घाला, हे तर सगळ्यात वाईट. कासवाचं पचन बाहेरच्या उबेवर चालते, अंग गार पडलं की पोटातलं अन्न तिथंच सडते. जे खरंच झोपवतात ते ३-४ आठवडे आधीच खाणं बंद करतात, कोमट पाण्यात बसवत राहतात, पोट रिकामं आणि अंगात पाणी भरपूर. आजारी नाहीतर हडकुळं असलं तर झोपवतच नाहीत.

'उघडू नका' पण खोटं. ते लोक दर आठवड्याला काट्यावर वजन करतात, १० टक्के घटलं की उठवतात, मुतलं तरी उठवतात कारण अंगातलं पाणी गेलं. फ्रिजमध्ये ठेवणारे तर हवा बदलावी म्हणून दार उघडत राहतात आणि आत थर्मामीटर ठेवतात. आपल्या फ्रिजमध्ये दही, वांगे, लोणचं, पोट्टे दिवसातून वीस वेळा दार उघडणार आणि लाइन कधी जाईल याचा भरोसा नाही.

आता हे मी एवढं तावातावानं काऊन लिहून राहिलो ते सांगतो. शेजारच्या पोरानं जिल्ह्याच्या गावातून लाल कानाचं कासव आणलं होतं, आणलं तेव्हा रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसं मोठं, आता तळहाताएवढं. हे पाण्यातलं कासव! मेसेज वाचून त्यानं ते टबातून काढून कोरड्या कुटारात घातलं, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि खोकं माळ्यावर. अकराव्या दिवशी माझ्यासमोर उघडलं तर डोळे सुजून बंद, नाकातून बुडबुडा येऊन राहिला, श्वास घेताना तोंड उघडते. पोरगं म्हणे, "दादा, झोपलं आहे ना?" झोपलेलं कासव तोंड वासून श्वास घेत नाही रे, ही छातीची सर्दी आहे. कोमट पाण्याच्या टबात ठेवलं, अर्ध्या टबावर सावली करून कोवळ्या उन्हात, पोहता येत नव्हतं म्हणून पाणी बोटभरच, आणि दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. सोळा दिवसांनी गांडूळ खाल्लं. एक डोळा अजून अर्धाच उघडते.

आणि कंटाळा आला म्हणून असं लाल कानाचं कासव नाल्यात सोडू नका, ते बाहेरच्या देशातलं आहे, आपल्या कासवांचं खाणं आणि जागा दोन्ही खाते.

राहिला कायदा. स्टार कासव घरात ठेवणं आणि तलावातलं कासव धरून आणणं, दोन्ही वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे. शुभ असते म्हणून ठेवलं हे फॉरेस्टवाल्यांना सांगून चालत नाही. कोणाकडं असलं तर वन विभागाच्या १९२६ वर फोन लावा, खोकं शोधत बसू नका.

त्या पोराच्या खोक्यात आता खुडूक कोंबडी बसवली आहे, बारा अंड्यांवर.